दहा हजार खेळ मोजले, बटण मोजायचं राहिलं

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुने व्हिडिओ गेम खेळायच्या हँडहेल्ड यंत्राचं परीक्षण आलं आहे. ते मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकानं, कारण तेच यंत्र गेला दीड महिना आमच्या घरात आहे. दुसऱ्यांदा ओळीखाली बोट धरून, कारण मला हवी ती गोष्ट सापडेना. प्रोसेसरचे चार कोअर सांगितलेत, साडेतीन इंची स्क्रीन सांगितली, कार्डात भरून आलेले 'दहा हजारांहून अधिक' खेळ सांगितलेत आणि शेवटी पाचपैकी चार तारे दिलेत. बटणांबद्दल एकच वाक्य आहे : 'बटणं दर्जेदार वाटतात.' कोणाला वाटतात, कोणता खेळ किती वेळ खेळून वाटतात, याचा पत्ता नाही.

हे एवढं मनाला लागायचं कारण माझ्या नोकरीत आहे. मी श्रवणचाचणी तंत्रज्ञ. बावीस वर्षं काचेपलीकडे बसलेल्या माणसाच्या हातात एक बटण देते आणि सांगते, 'कानात आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा.' मग आवाज सोडायचा आणि त्याच्या अंगठ्याकडे बघत बसायचं. बटण खाली गेल्याचं बोटाला नीट कळलं नाही, की माणूस दोनदा दाबतो, किंवा दाबूनच ठेवतो, आणि माझा तक्ता बिघडतो. तेव्हा बटण ही माझ्या लेखी किरकोळ बाब नव्हे.

यंत्र घेतलं धाकट्या भावासाठी. त्याच्याकडे १९८९च्या मॉडेलचा करड्या रंगाचा गेम बॉय अजून आहे. स्क्रीनवरच्या दोन उभ्या रेषा गेल्यात, पाठीमागचं सेलचं झाकण चिकटपट्टीनं धरून ठेवलंय, पण चालतो. मला वाटलं, तेच खेळ उजळ स्क्रीनवर मिळाले तर खूश होईल. त्यानं 'सुपर मारिओ लँड' लावला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा लावला, पुन्हा त्याच खड्ड्यात. मग यंत्र माझ्या हातात देत म्हणाला, "ताई, हा उशिरा उडतो."

मी म्हटलं, "तुझं वय झालंय."

त्यानं कपाटातून जुना गेम बॉय आणला, सेल घातले, आणि तोच खड्डा माझ्याकडे बघत पार केला. स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत!

आता प्रश्न घरातल्या तंत्रज्ञाच्या इभ्रतीचा होता. माझ्या फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपणारा स्लो मोशन व्हिडिओ निघतो, म्हणजे दोन चित्रांमधलं अंतर साधारण सव्वाचार मिलिसेकंद. दोन्ही यंत्रांच्या उडीच्या बटणाच्या कडेला व्हाइटनरचा बारीक ठिपका लावला, म्हणजे बटण खाली गेल्याचा क्षण व्हिडिओत नेमका दिसतो. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवला, वरून टेबललॅम्प सोडला. भावानं उडी मारायची आणि मी नंतर एकेक चित्र पुढे सरकवत मोजायचं : ठिपका खाली गेल्यापासून मारिओचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत किती चित्रं? एका दाबण्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही आमच्या कामातली शिस्त. रुग्णानं बटण दाबलं की आम्ही आवाज दहा डेसिबलनं उतरवतो, दाबलं नाही की पाचनं चढवतो, आणि तीच पातळी पुन्हा पुन्हा हाती लागल्याशिवाय कागदावर खूण करत नाही. इथेही प्रत्येक यंत्रावर वीस उड्या घेतल्या.

जुन्या गेम बॉयवर बहुतेक उड्या तेराच्या आसपास, म्हणजे पंचावन्न-एक मिलिसेकंद. नव्यावर एकोणतीस. कधी अठ्ठावीस, कधी एकतीस, पण पंचवीसच्या खाली एकही नाही. म्हणजे सव्वाशेच्या घरात. फरक सोळा चित्रांचा, साधारण पासष्ट मिलिसेकंद. गेम बॉय सेकंदाला जवळपास साठ चित्रं दाखवतो, त्या हिशेबानं खेळातली चार चित्रं. धावता मारिओ खड्ड्याच्या काठापासून किती दूर असताना बटण दाबायचं, हे भावाच्या अंगठ्यात तीस वर्षांपूर्वी बसलंय. त्या अंदाजात चार चित्रं घुसली की तो खड्ड्यातच जाणार. माझ्या थट्टेबद्दल मी त्याची माफी मागितली, तीही त्यानं व्हिडिओवर घेतली.

यातली गंमत अशी, की नवं यंत्र अंगानं दुबळं मुळीच नाही. गेम बॉयचा प्रोसेसर ४.१९ मेगाहर्ट्झचा आणि कामाला ८ किलोबाइट रॅम. आपल्या परीक्षणातल्या प्रोसेसरपुढे ते पोरच. पण त्या जुन्या डब्यात बटण आणि खेळ यांच्यामध्ये कोणी बसलेलं नव्हतं. खेळ स्वतः बटण वाचायचा आणि स्वतःच चित्र काढायचा. नव्यात तळाला लिनक्स ही कार्यप्रणाली, त्यावर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आणि तयार झालेलं चित्र स्क्रीनवर जाण्याआधी रांगेत उभं राहतं. पुढच्या एक-दोघांचा नंबर झाला की त्याचा लागतो. आवाजाचीही अशीच रांग असते. माझ्या यंत्रात ती ६४ मिलिसेकंदांची लावलेली होती. रांग लांब ठेवली की आवाज तुटत नाही, म्हणून बनवणारा ती लांब ठेवतो आणि मोकळा होतो. चार कोअर सांगून वाचकाला या रांगेबद्दल काहीच कळत नाही.

बरं, हे सुधारतं का? बरंचसं सुधारतं. अशा बहुतेक यंत्रांवर रेट्रोआर्क नावाची प्रणाली असते, माझ्यातही होती. तिच्या सेटिंगमध्ये 'थ्रेडेड व्हिडिओ' बंद केलं, आवाजाची रांग अर्धी केली आणि 'रन-अहेड' एका चित्राचं लावलं. ही रन-अहेडची युक्ती रेट्रोआर्कमध्ये २०१८ साली आली आणि मला ती भारी आवडली. बटण दाबल्यावर खेळ मूळचाच एखादं चित्र उशिरा हलत असतो, तो त्याचा जन्मजात आळस. इम्युलेटर काय करतो, खेळाची या क्षणाची अवस्था जपून ठेवतो, खेळ गुपचूप एक चित्र पुढे पळवतो, ते पुढचं चित्र तुम्हाला दाखवतो आणि पुन्हा मागे येऊन उभा राहतो. तो आळस असा गाळला जातो. मात्र खेळाच्या अंगात जितका आळस आहे त्याहून जास्त चित्रं पळवली तर पात्रं टुणटुण करत जागा बदलतात. मी हौसेनं तीनचा आकडा लावून पाहिला. मारिओ उडी सुरू व्हायच्या आत हवेत होता.

एवढं करून पुन्हा वीस उड्या. एकोणीस-वीस चित्रं, म्हणजे ऐंशी मिलिसेकंदांच्या आसपास. भावानं खड्डा ओलांडला आणि म्हणाला, "आता चालेल." त्याच्या तोंडी याच्या वरचा शेरा नसतो.

तर हा झाला तासाभराचा उद्योग. तुमच्या परीक्षकांकडेही स्लो मोशनचा फोन असणारच.

आता डावीकडच्या अधिक चिन्हाच्या बटणाकडे, म्हणजे डी-पॅडकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. हे बटण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली 'गेम अँड वॉच' या छोट्या यंत्रांच्या मालिकेतल्या डाँकी काँगसाठी वापरात आणलं. पुढे गेम बॉयही त्यांच्याच हाताखाली घडला. वरून दिसतो प्लास्टिकचा एक अधिक. त्याच्या पोटाखाली मधोमध एक उंचवटा असतो आणि अख्खा तुकडा त्यावर सी-सॉसारखा डुलतो. डावीकडे दाबलं की उजवी बाजू आपोआप उचलली जाते. खाली रबराची चादर, तिच्यात काळ्या कार्बनच्या टिकल्या, आणि त्यांच्या खाली सर्किटवरच्या उघड्या पट्ट्या. टिकली पट्टीला टेकली की दिशा लागली. सगळी मेख त्या उंचवट्यात. तो केसभर बुटका निघाला की उजवीकडे दाबताना वरची किंवा खालची टिकलीही टेकते आणि यंत्राला वाटतं तुम्ही तिरकं दाबलंत.

माझ्या यंत्रात नेमकं हेच होतं. पहिल्या आठवड्यात कळलंही नाही, कारण मारिओला तिरक्याचं सोयरसुतक नाही. 'काँट्रा' लावल्यावर उघडं पडलं. सरळ उजवीकडे धावत गोळ्या मारायच्या, तर दर चार पावलांनी बंदुकीची नळी आकाशाकडे. भाऊ म्हणाला, "हा पक्षी मारतोय."

शेवटी मागचे स्क्रू काढले आणि रबराची चादर उचलून सर्किटवरच्या चारही पट्ट्यांच्या आतल्या कडेला पारदर्शक चिकटपट्टीचे, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे लावले, म्हणजे टिकलीला टेकायला जागा थोडी कमी मिळावी. दोन वेळा जास्त झालं आणि डावी दिशा लागेचना. तिसऱ्यांदा जमलं. हा उपाय अशा यंत्रांच्या वापरकर्त्यांमध्ये चांगला परिचयाचा आहे, म्हणजेच दोषही परिचयाचा आहे. मग परीक्षणात तो का नसावा? उघडून बघा असं मी म्हणत नाही, पण दहा मिनिटं काँट्रा खेळायला काय हरकत होती?

उजवीकडच्या चार बटणांची तक्रार नाही. त्यांच्यावरची अक्षरं निन्टेन्डोच्या पद्धतीची आहेत, म्हणजे ए उजवीकडे आणि बी खाली. एक्सबॉक्सवर वाढलेल्या भाच्याच्या हाताला ए खाली लागतो, त्यामुळे तो 'हो' म्हणायच्या जागी 'नाही' म्हणत राहतो. सवयीचा भाग. पाठीवरची एल आणि आर बटणं मात्र टकटक वाजतात, रात्री शेजारी झोपलेल्याला जाग येईल इतकी.

स्क्रीनला परीक्षकांनी 'झकास' म्हटलंय. झकास आहेच, ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची. पण झकास कुठल्या खेळासाठी? हा साधा भागाकार आहे. गेम बॉयचं चित्र १६० गुणिले १४४ ठिपक्यांचं. ते तिप्पट केलं की ४८० गुणिले ४३२ होतं : डावी-उजवीकडे ऐंशी ऐंशी ठिपके काळे, वर-खाली चोवीस चोवीस. चित्र लहान दिसतं, पण प्रत्येक चौकोन चौकोनच राहतो. माझं यंत्र आलं तेव्हा मात्र चित्र पूर्ण उंचीला ताणलेलं होतं, म्हणजे ३.३३ पट. एक-तृतीयांश ठिपका कोणी काढू शकत नाही, तेव्हा काही रांगा तीन ठिपक्यांच्या होतात आणि काही चारच्या. मी भिंग लावून पाहिलं : विटांच्या भिंतीत एक वीट अरुंद, शेजारची रुंद, पुन्हा अरुंद. मारिओ चालायला लागला की हीच असमानता सगळ्या भिंतीभर सरकते आणि वाळूवरून ऊन्ह लवलवावं तसं दिसतं. सेटिंगमध्ये 'इंटिजर स्केल' चालू केलं की संपलं.

प्लेस्टेशनच्या पुष्कळशा खेळांचं चित्र ३२० गुणिले २४०चं, ते या स्क्रीनवर दुपटीनं काठोकाठ बसतं. तिथे हे यंत्र खरोखर झकास. गेम बॉय अॅडव्हान्सचं २४० गुणिले १६०चं, दुप्पट केलं तर ४८० गुणिले ३२०, म्हणजे बरोबर अर्धी स्क्रीन वाया. ज्याला मुख्यतः अॅडव्हान्सचे खेळ खेळायचेत त्यानं हे यंत्र घेऊच नये. असलीच यंत्रं बनवणाऱ्या अॅनबर्निकनं २०२०मध्ये आरजी ३५१पी काढला तो ४८० गुणिले ३२० स्क्रीनचा, म्हणजे अॅडव्हान्सच्या नेमका दुप्पट. २०२१च्या अॅनलॉग पॉकेट या यंत्राची स्क्रीन १६०० गुणिले १४४०, गेम बॉयच्या नेमकी दहापट. त्या लोकांनी आधी भागाकार केला आणि मग काच निवडली. 'साडेतीन इंची' या माहितीत यातलं काहीच येत नाही.

आणि स्क्रीन फार चांगली असणं हाही कधी कधी घोटाळाच. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या १९९१च्या 'सॉनिक'मध्ये धबधबा आहे. तो उभ्या रेषा एक आड एक काढून केलाय. त्या काळच्या टीव्हीच्या केबलमध्ये शेजारशेजारच्या रेषा एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक दिसायचं. या स्वच्छ स्क्रीनवर पाणी जाऊन जाळीचा पडदा उरतो. गेम बॉय अॅडव्हान्सच्या २००१च्या पहिल्या मॉडेलच्या स्क्रीनला दिवाच नव्हता, म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी रंग मुद्दाम भडक धरले. मागून उजेड देणाऱ्या स्क्रीनवर ते फिकुटले किंवा अंगावर आले तर दोष त्यांचा नाही; रंग उतरवायचं फिल्टर असतं, ते लावून घ्यायचं. जुन्या गेम बॉयची काच इतकी आळशी, की मागचं चित्र पुसायच्या आत पुढचं यायचं. त्या आळसाचाही फायदा काही खेळांनी उठवला, एखादी वस्तू एक आड एक चित्रात काढून ती अर्धपारदर्शक भासवली. नव्या स्क्रीनवर ती नुसती लुकलुकते. भावाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, मला जुनी काच बरी वाटायची ती उगीच नाही.

आवाजाचा विषय आपल्या परीक्षणात नाहीच. माझा तर तोच पेशा, त्यामुळे इथे थोडी ऐसपैस बसते.

गेम बॉय चालू केला की कंपनीचं नाव वरून घरंगळत मध्यावर येतं आणि 'टि-डिंग' होतं. त्यातला पहिला सूर साधारण १०४९ हर्ट्झचा, दुसरा २०८० हर्ट्झचा, सप्तकाला अगदी थोडा कमी. आम्ही चाचणी १००० हर्ट्झनं सुरू करतो, म्हणजे माझ्या रोजच्या पहिल्या सुराचा तो सख्खा शेजारी. हे मला दीड महिन्यापूर्वी कळलं आणि दिवसभर मी उगाच हसत होते. आत चारच वाद्यं : दोन चौकोनी लहरींची, एक हवी ती लहर भरता येणारं आणि एक खरखरीचं, ज्यातून स्फोट, पावलं, ढोल सगळं निघतं. स्पीकर एकच, पण इयरफोन लावला तर डावं-उजवं वेगळं ऐकू येतं. पुष्कळांनी हे कधी ऐकलंच नसेल.

जेवणाच्या सुट्टीत नवं यंत्र मी चाचणीच्या खोलीत नेलं. भिंती ध्वनिशोषक, दार बंद, वायरचा इयरफोन. खेळ न लावताच एक बारीक शीळ ऐकू आली. स्क्रीनचा उजेड वाढवला की जायची, मधल्या पायरीवर आणला की पुन्हा. म्हणजे दिव्याचा विद्युत्प्रवाह आवाजाच्या वाटेत पाझरतोय. ही गोष्ट घरातल्या पंख्याखाली कोणाला कळणार नाही, तेव्हा तिच्यावरून गुणांतला तारा कापू नका. पण दुसरी गोष्ट कापण्यासारखी आहे. आवाजाची शून्याच्या वरची पहिलीच पायरी इयरफोनमध्ये इतकी मोठी, की मी झटक्यात तो कानातून काढला. मुलांच्या हातात जाणारी ही वस्तू. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली सुरक्षित मर्यादा मोठ्यांना आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल, मुलांना तेवढ्याच वेळाला ७५. पहिलीच पायरी जिथे टोचते तिथे मूल सातव्या पायरीवर खेळणार. इयरफोन लावून पाच मिनिटं बसणं, एवढंच काम होतं. ब्लूटूथ इयरफोनचा तर विचारच नको, तो सहज दीड-दोनशे मिलिसेकंद खातो. उडी मारून झाल्यावर उडीचा आवाज.

बॅटरीबद्दल परीक्षणात लिहिलंय ते बरोबर आहे, पाचेक तास. फक्त टक्केवारीवर विसंबू नका, माझं यंत्र ३० दाखवता दाखवता विझतं. आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलनं ते चार्जच होत नाही. टाइप-सीच्या खाचेत ५.१ किलोओहमचे दोन बारके रेझिस्टर लागतात, त्यावरून चार्जरला कळतं की समोर कोणी वीज मागतंय. स्वस्त यंत्रांमध्ये ते कित्येकदा गाळतात. मग एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली केबल शोधत फिरा.

आता कार्डाची हकीकत. भाऊ 'झेल्डा'चा १९९३चा गेम बॉयवरचा भाग, 'लिंक्स अवेकनिंग', खेळत होता. त्यात आठ गुहांमधून आठ वाद्यं गोळा करायची असतात. त्याची सहा झाली होती. एका संध्याकाळी यंत्र चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, आणि खेळांची यादी रिकामी. यंत्राबरोबर आलेलं बिननावाचं कार्ड मेलं होतं. दुसऱ्या चांगल्या कार्डावर सगळं पुन्हा भरून घेतलं, पण सहा वाद्यं गेली ती गेलीच. यंत्र पाठवणाऱ्यांना कळवलं, त्यांचं उत्तर आलं की कार्ड ही 'भेटवस्तू' असल्यानं तिला हमी नाही. यंत्र हाती आल्याच्या दिवशी पहिलं काम कार्डाची नक्कल करायचं, हे मला आता माहीत झालं. चूक माझीही आहे, पण तुमच्या परीक्षणात ती एक ओळ असती तर ते वाचून कार्ड बदलणारे पुष्कळ निघाले असते. भावाच्या जुन्या काडतुसात, म्हणजे गेम बॉयमध्ये खोचायच्या खेळाच्या डबीत, बटणासारखा एक छोटा सेल आहे आणि त्याच्या जोरावर त्यातली जुनी नोंद अजून जिवंत आहे, हे त्यानं मला त्या आठवड्यात किमान चारदा ऐकवलं.

सहज सांगायचं, तर खेळाची स्वतःची नोंद आणि इम्युलेटरची 'सेव्ह स्टेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाची नोंद उचलून दुसऱ्या यंत्रात नेता येते. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. इम्युलेटर बदलला, कधी नुसती त्याची आवृत्ती बदलली, तरी तो उघडेलच असं नाही. फोटोच्या भरवशावर तीस तासांचा खेळ सोडू नये.

राहिले ते दहा हजार खेळ. मी यादी चाळली. एकच खेळ जपानी, अमेरिकी, युरोपीय, आणि कोणीतरी हात मारून बदललेला, असा चार-चार वेळा. टीव्हीच्या कन्सोलच्या युरोपीय आवृत्त्या सेकंदाला ५० चित्रांच्या. ६०साठी बनवलेला आणि युरोपासाठी नीट न जुळवलेला खेळ तिथे सहाव्या हिश्श्यानं मंद पळतो. नवख्या माणसानं यादीतलं पहिलंच नाव दाबलं आणि ते नेमकं युरोपीय निघालं, तर तो म्हणणार यंत्रच मंद आहे. आणि यातल्या बहुसंख्य खेळांचे हक्क कार्ड भरणाऱ्याकडे नाहीत, हे उघड आहे. इम्युलेटर बनवणं गुन्हा नाही. अमेरिकेत २०००मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अपील न्यायालयानं प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्सच्या बाजूनं कौल दिला होता. पण दुसऱ्याचे खेळ कार्डात कोंबून विकणं वेगळं. ते वर्तमानपत्रानं गुणांच्या रकान्यात मांडावं, हे मला खटकलं.

तरी मी सोवळं नेसून बसलेली नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली मोजदाद केली, तेव्हा अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के अधिकृतपणे विकतच मिळत नव्हते. ज्याला खेळायचं आहे त्यानं जावं कुठे, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. भावाकडे मूळ काडतुसं आहेत म्हणून आमच्या घरात हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो.

यंत्र परत करावं असं मला वाटत नाही. सेटिंग बदलून, चिकटपट्टी लावून, कार्ड बदलून ते आता भावाच्या उशाशी असतं. पण ही तीन कामं केल्यानंतर ते चार ताऱ्यांचं झालं. खोक्यातून निघालं तेव्हा माझ्या हिशेबानं दोनाचं होतं. वाचक खोक्यातलं यंत्र घेतो.

परीक्षणासाठी आलेलं यंत्र अजून आपल्या कार्यालयात असेल तर एक करून पाहा. काँट्रा लावा. खाली दाबून धरा, म्हणजे सैनिक आडवा पडेल. आता बटण न सोडता अंगठा हलकेच डावीकडे, मग हलकेच उजवीकडे झुकवा. तो पडूनच राहिला तर तुमचं यंत्र माझ्यापेक्षा चांगलं निघालं, आणि डी-पॅडबद्दलचा माझा परिच्छेद खुशाल गाळा. उठून धावत सुटला तर पत्र सबंध छापा.

आपली,
एक नियमित वाचक

(नाव छापू नये ही विनंती. माझ्याकडे तपासणीला येणारे आधीच बटण घाबरत दाबतात.)